निरंक

माझ्या खिडकीवर कधी भांडण झालं नाही, याचा मला पुष्कळ वर्षं अभिमान होता. शेजारच्या टेबलांवर आवाज चढायचे, कागद भिरकावले जायचे. माझ्याकडे आलेला माणूस मात्र हात जोडून परत जायचा. आज साठी ओलांडल्यावर ते जोडलेले हात आठवले की त्या अभिमानाची लाज वाटते. जे घरातही वर्षानुवर्षं बोललो नाही, ते आता लिहून टाकतो.

दोन हजार सालाच्या आगेमागे मी चंद्रपूरला एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. गरीब कुटुंबांसाठी सरकारने आरोग्याचा विमा काढला होता. मोठं ऑपरेशन निघालं तर घरच्यांनी अर्ज करायचा, आम्ही कागद तपासून पात्रतेचं पत्र द्यायचं आणि त्या पत्रावर नागपूरच्या दवाखान्याने पेशंट घ्यायचा. कागदावर सगळं नीट होतं. पण हप्त्यातला सरकारचा वाटा वेळेवर भरला जात नसे. तो थांबला की कंपनी बिलं अडवायची, बिलं अडली की दवाखाने कुरकुरायचे, आणि वरून आम्हाला तोंडी निरोप यायचा की सध्या पत्रं देऊ नका.

नव्याने आलो तेव्हा मी भोळेपणाने विचारलं होतं, "मग अर्जदाराला निधी नाही असं कळवू का?" साहेब हसले. "अहो, निधी नाही हे लेखी द्यायचं नसतं. त्रुटी काढा. त्रुटी निघत नाही असा कागद अजून जन्माला यायचाय."

मी त्रुटी काढायला शिकलो, आणि त्यात तरबेज झालो. फोटोवरचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर नाही. सरपंचाच्या सहीखाली तारीख नाही. अर्ज माझ्या मागच्या कपाटात राहायचा आणि माणूस त्रुटीचं पत्र घेऊन गावी जायचा. त्रुटीतला अर्ज प्रलंबित धरत नाहीत, म्हणून महिन्याच्या अहवालात 'पैशाअभावी प्रलंबित प्रकरणे' या रकान्यात मी एकच शब्द लिहायचो: निरंक. म्हणजे एकही नाही. वरचे लोक तो रकाना बघून पुढच्या पैशाची मागणी ठरवत. निरंक म्हटल्यावर मागणी कशाची करणार? हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची आज सोय नाही.

पार्बताबाई सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातून यायच्या. धानाच्या रोवणीवर मजुरीने जाणारी, नवरा गेलेली बाई. त्यांच्या लेकीच्या, शेवंताच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. पावसाळ्याच्या आत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. बाई पहिल्यांदा आल्या दिवाळीनंतर. मी शिक्क्याची त्रुटी काढली. त्या महिन्याने आल्या, मी उत्पन्नाच्या दाखल्यावरचा जावक क्रमांक पुसट आहे म्हणालो. तिसऱ्या खेपेला त्यांनी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रुमाल बांधून आणले होते.

"आता तं काई नाई न जी बाबू? त्या तलाठ्याच्या उरावर बसून घेतलं मी सारं."

मी हसून म्हणालो, "बाई, रेशनकार्डाची झेरॉक्स साक्षांकित नाही. तेवढं करून आणा."

"आणतो जी," त्या म्हणाल्या. "लेकरू पायरी चढलं का धापा टाकते. पण तुमी सांगता तं आणतो."

आणि हात जोडून गेल्या.

महाशिवरात्रीला मार्कंड्याला जायचं हा माझ्या आईचा नेम, तिच्या मागे मी चालवला होता. सावली गावाच्या बाजूने वैनगंगेच्या पात्रात उतरायचं, वाळू तुडवत, कमरेखालच्या पाण्यातून पलीकडे देवळाकडे जायचं. त्या वर्षी मन अगदी कोरडं होतं. वाटेत लोक हर हर महादेव म्हणत होते आणि माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता. एवढी वर्षं हात जोडतो, पण तिथे कोणी ऐकणारं आहे का, अशी शंका होती. खरं सांगायचं तर कोणी नसावं, असंच वाटायचं. असला तर त्याने माझं कपाटही पाहिलं असणार.

मला साखरेचा आजार, त्यात निर्जळी उपास. अर्ध्या पात्रात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तापलेल्या वाळूत कोसळलो. शुद्ध आली तेव्हा कोणीतरी लुगड्याचा पदर माझ्या तोंडावर धरून सावली केली होती आणि ओठांत गुळाचा खडा सारत होतं.

"चघळा जी. उपासाले चालते. आन् नाई चाललं तं महादेवाले मी सांगतो, मी चारला म्हणून."

आवाज ओळखीचा होता. मी डोळे पुन्हा मिटून घेतले. वाटलं, असंच पडून राहावं, त्यांनी ओळखू नये.

"अगा माय! तुमी खिडकीवाले बाबू नव्हं का?"

त्यांनी मला आधार देऊन बसवलं. फडक्यातली उकडलेली रताळी सोलून एक माझ्या हातात दिलं. मी खाऊ लागलो तशा त्या आनंदाने बोलत सुटल्या. "पाहा, कसा देव हाये! तुमच्यासाठीच तं आली मी इथी. नवस बोलून राह्यली होती."

"माझ्यासाठी?"

"नाई तं काय! बाकीचे बाबू कुत्र्यावानी हाकलतात. तुमी एकटेच गोड बोलता. म्हटलं, हा माणूस माह्या लेकीसाठी एवढी खटपट करून राह्यला, पण एक कागद काई त्याले सापडत नाई. म्हणून म्हटलं, महादेवा, खिडकीवाल्या बाबूले यश दे. त्याच्या हातून काम झालं तं वैनगंगेची घागर डोक्यावर आणून तुह्या पिंडीवर घालीन." मग जरा वाकून, हळूच विचारलं, "आता कोणता कागद लागते जी?"

रताळं हातातच राहिलं. चार महिने माझं गोड बोलणं ती बाई देवापुढे नेऊन ठेवत होती. मी कधी कोणासमोर रडलो नाही, तेव्हाही रडलो नाही. पण त्रुटी हा शब्द तोंडात येईना. म्हणालो, "बाई, कागद एकही कमी नाही. पहिल्या खेपेलाही नव्हता. पैसा आलेला नाही, म्हणून मी तुम्हाला फिरवत होतो."

त्या फडक्याची गाठ बांधत आणि सोडत राहिल्या. लोक आमच्या अंगावर वाळू उडवत पुढे जात होते.

"मंग काऊन सांगतलं नाई जी?" अखेर त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पैसा नाई म्हटलं असतं तं मी दुसऱ्या कोणाच्या दारात उभी राह्यली असती. चार महिने मी तुमच्याच भरोशावर होती."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पदर झटकला, उरलेली रताळी माझ्यापाशी ठेवली आणि म्हणाल्या, "उठा. ऊन वाढाच्या आंधी पलीकडं चला." माझं मनगट धरून त्यांनीच मला नदी पार करवली. देवळात पिंडीपुढे उभा राहिलो तेव्हा मी काहीच मागितलं नाही. फक्त म्हणालो, आता तू सांगशील ते. आणि काय करायचं ते लख्ख कळलेलं होतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदा ऑफिसातलं काई बोलले तुमी. बदली करतीन ना? करू द्या. सामान तसंही कमीच हाये आपलं."

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. त्रुटीतला एकेक अर्ज काढून खरा शेरा लिहिला: 'कागदपत्रे पूर्ण. अर्जदार पात्र. निधी अप्राप्त.' प्रत्येकाला तसं पत्र केलं. पत्रावर सही करायचा अधिकार साहेबांचा. गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला.

"हे काय? मार्चच्या तोंडावर?" ते ओरडले.

"सही नको असेल तर नकार लिहून द्या, साहेब. तोंडी आता काही ऐकणार नाही."

"वेड लागलं का तुम्हाला?"

"वेड नाही लागलं. अहवालात आकडा भरला आहे. निरंक लिहिलेलं नाही."

मी टेबलापुढून हललो नाही. तीन दिवस गठ्ठा तसाच पडला. तीन दिवस रोज सकाळी मी तो त्यांच्या टेबलाच्या मधोमध सरकवून ठेवला. नकार लिहून द्यायची त्यांचीही छाती नव्हती. चौथ्या दिवशी सह्या झाल्या. चैत्र लागता लागता माझ्या बदलीचा हुकूम आला, थेट राज्याच्या टोकाला, सिरोंच्याला.

शेवंताचं पत्र मी स्वतः सिंदेवाहीकडच्या त्या खेड्यात नेऊन दिलं. पात्र आहे, पैसा मागून येणार, एवढं हाती लेखी असल्यावर नागपूरच्या एका धर्मादाय दवाखान्याने तिला घेतलं. वैशाखात झडप बदलली. वरचा पैसा पुढच्या हिवाळ्यात आला. मागणीचा आकडा बदलला म्हणून आला की आपोआप, हे मी ठरवत नाही.

सगळंच गोड झालं नाही. जिवतीच्या डोंगरातल्या एका माणसाला पाठवलेलं पत्र परत आलं. पोस्टमनने पाकिटावर लिहिलं होतं, 'मयत'. ते पाकीट माझ्या देव्हाऱ्यात आहे. आईच्या फोटोमागे ठेवलं आहे. रोज दिवा लावताना दिसतं, दिसावं म्हणूनच ठेवलं आहे.

पुढच्या शिवरात्रीला सिरोंच्याहून मार्कंड्याला आलो. वाळूत पार्बताबाई उभ्या होत्या, सोबत शेवंता, धाप न लागता चालत आलेली. बाईंच्या हातात नदीतून भरलेली पितळी घागर होती.

"धरा," त्या म्हणाल्या. "नवस तुमच्या कामाचा होता, तुमीच फेडा. माह्या मानेत आता जीव नाई."

"पण बोललात तुम्ही, बाई. देवाला चालेल का?"

"त्याले का तुमचं नाव माहीत हाये? मले तरी कुठी हाये! खिडकीवाला बाबू म्हटलं होतं, खिडकीवाला बाबूच येऊन राह्यला. त्याले सारं समजते."

खरंच, त्या बाईने मला कधी नाव विचारलं नाही. देवापुढे मी पोचलो तो तिने दिलेल्या ओळखीने, आणि ती ओळख मी त्या वेळी कमावलेलीही नव्हती. आपण सांभाळू म्हणत जे वर्षानुवर्षं कपाटात कोंडलं, ते एकदा त्याच्या हवाली केल्यावर हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांना घागर धरता आली. मी ती डोक्यावर घेतली. सवय नव्हती. पाणी हिंदकळून मानेवरून, शर्टातून, पाठीवर उतरत होतं आणि मागून शेवंता हसत होती. पिंडीपाशी पोचलो तेव्हा घागर अर्धीच भरलेली होती. जेवढं होतं तेवढं सगळं ओतलं.