तत्त्वतः मंजुरी आणि भुसावळचा नवरा

महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षंच झाली होती. घरासाठी कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं पत्र बुलढाण्याहून आलं: ‘आपला अर्ज तत्त्वतः मंजूर करण्यात येत आहे.’ मी खामगावात मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची, तरी घाईत ‘मंजूर’ तेवढं वाचलं. पेढे वाटले, आणि दिवाळीपर्यंत खोली सोडते असं घरमालकाला सांगूनही टाकलं. त्यानं लगेच दुसरा भाडेकरू ठरवला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

शाळेतल्या म्हाताऱ्या कारकुनानं पत्र पाहून चष्मा कपाळावर चढवला. “बाई, पोरगी पसंत पडली म्हंजे लगन लागलं असं नाई. आता हे लोक सारी माहिती काढतीन.”

तसंच झालं. संस्थेनं शाळेकडून माझ्या पगाराचा दाखला मागवला. मी घ्यायचं ठरवलेलं दोन खोल्यांचं घर त्यांच्याकडे गहाण राहणार होतं, म्हणून विकणाऱ्याचं खरेदीखत पाहिलं, घरावर आधीचा बोजा नाही ना तेही तपासलं. सगळं सुरळीत. राहिली होती ती घरी येऊन करायची चौकशी, आणि खरी मेख तिथेच होती.

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा मला माहेरी, पिंपळगाव राजाला सोडून गेला, तो परत आलाच नाही. पुढे नोकरी लागून खामगावात आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, “मालक कुठं असतेत?” तोंडून निघून गेलं, “भुसावळला, रेल्वेत.” एकदा बोललं की निभवावं लागतं. नऊ वर्षं मी त्याला ड्यूट्या लावल्या, त्याच्या रजा नामंजूर केल्या, एकदा तर बढतीही दिली. दिवाळीत ‘त्यांच्याकडे जाते’ म्हणून कुलूप लावायची, शेगावच्या धर्मशाळेत चार दिवस काढायची आणि येताना भुसावळची म्हणून केळी आणायची. त्या चार दिवसांइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही. कर्जाच्या अर्जात मात्र खरं लिहिलं होतं: पतीने सोडलेली, एकटी. कागदावर खोटं लिहायची छाती नव्हती.

चौकशीचे साहेब आले तेव्हा मी शाळेत होते. परतले तर ते काकूंच्या ओट्यावर चहा पीत बसलेले. भोवती गल्लीतल्या चार बायका. काकूंनी माझी बाजू भक्कम मांडून ठेवली होती: बाईंचे मालक रेल्वेत आहेत, पगार चांगला आहे, कर्ज बुडायचं नाही.

“बाई,” साहेब म्हणाले, “अर्जात एक आणि इथे दुसरंच. पती असतील तर त्यांची संमती लागेल, उद्या त्यांनी घरावर हक्क सांगितला तर? नसतील तर शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी तसं लिहून द्या. नाहीतर मंजुरी रद्द करावी लागेल.”

खोली तर हातची गेलेलीच होती. आता घरही जाणार. पण त्या बायकांसमोर ते बोलायचं म्हणजे अंगावरचं वस्त्र सोडायला सांगितल्यासारखं वाटलं.

“नाहीत,” मी म्हणाले. “भुसावळला कुणीच नाही. कधीच नव्हतं.”

काकू उठल्या. मला वाटलं, आता आत जाऊन दार लावून घेतील. पण त्या माझ्याजवळ आल्या.

“मले ठाऊक होतं. नऊ वर्सं झाले, एक चिठ्ठी नाई आली तुमाले. पोस्टमन आमच्याच ओट्यावर टेकते.”

“मग साहेबांना असं काऊन सांगितलं?”

“तुमीच तसं सांगत होत्या ना. आमी तुमाले खोटं पाडावं का?”

साहेबांनी कागदावर लिहिलं, ‘सदर बाई एकट्याच राहतात.’ खाली दोघींनी सह्या केल्या, तिघींनी अंगठे उठवले. कुणी काही विचारलं नाही.

महिन्याभरात घर मिळालं. पण सह्या झाल्या त्या संध्याकाळी खोलीत बसून मी रडले ती घरासाठी नव्हे. या बायकांनी नऊ वर्षं माझं खोटं सांभाळलं होतं, आणि ते उघडं पडेल या भीतीनं मी त्यांच्यातल्या एकीलाही कधी आत बोलावलं नव्हतं.