भाऊंच्या चॅटमधले पाहुणे

"या. बसा. पानी घ्या."

भाऊंशी कॉम्प्युटरवर चॅट करायला जो कोणी यायचा, त्याला पहिला निरोप हाच मिळायचा. समोरच्याने नुसतं 'हाय' लिहिलेलं असो, गुड मॉर्निंगचं फूल पाठवलेलं असो, नाहीतर कोणी स्वस्त पंख्यांची जाहिरात करत असो. भाऊ चष्मा सावरत, एका बोटाने, अक्षर शोधत शोधत ते लिहायचे आणि मग खुर्चीला टेकून वाट पाहायचे. पाहुण्याला पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा दिलाच पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

"भाऊ, तो काई खरंच पानी पिऊन नाई राह्यला," मी चिडून म्हणायची.

"पिवो का नको पिवो. आपून इचारलं पायजे."

भाऊ आमचे शेजारी. गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलावावर त्यांनी जन्मभर मासोळ्या धरल्या. मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर. दिवसभर लोकांचे दाखले काढून माझं डोकं उठलेलं असतं, आणि स्वभावही मुळात फारसा गोड नाही. त्यामुळे एका संध्याकाळी भाऊ दारात येऊन "बाई, मले कॉम्प्युटर शिकव" म्हणाले, तेव्हा मी सरळ विचारलं, "आता या वयात काऊन?"

"घरी पडून हाय तं."

कॉम्प्युटर पडून होता हे खरं. मुलगी कॉलेजात होती तेव्हा तिच्यासाठी घेतलेला. तिची आई तर त्याच्याही आधी वारली होती. पुढे मासोळ्या न्यायला येणाऱ्या गाडीवरच्या सिरोंचाकडच्या एका तेलुगू मुलाशी मुलीने लग्न ठरवलं आणि ती घरातून निघून गेली. कुठे राहते, फोन नंबर काय, कोणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ तिचं नावही काढत नसत. कॉम्प्युटरवर जुन्या लुगड्याचं फडकं पडलं ते पडलंच.

शिकवणी सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. माऊस इकडून तिकडे फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "याच्यात ती सापडन का?"

माझा तुसडेपणा तिथेच गळून पडला. निदान त्या दिवसापुरता.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर का नाही शिकवलं? शिकवलं होतं. पण जाळ्याच्या दोऱ्याने भाऊंची बोटं इतकी निबर झाली होती की मोबाईलच्या काचेला ती कळतच नसत. दाबून दाबून ते थकायचे. "मेलं मले ओळखतच नाई," म्हणून त्यांनी तो माझा मला परत दिला आणि स्वतःचा बटणांचा जुना फोन खिशात टाकला. कीबोर्डचं बटण मात्र दाबलं की दबायचं. त्यावर मी मराठी अक्षरांचे कागद चिकटवून दिले.

पासवर्ड ही आमची पहिली लढाई. भाऊ पासवर्ड लिहिताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचे. रस्त्याने जाणाऱ्या बाया हसायच्या आणि उरलेली अक्षरं त्यांना सांगायच्या. मी रागावले, समजावलं, पुन्हा रागावले. काही उपयोग नाही. शेवटी एक दिवस विचारलं, "भाऊ, तलावात तुमी जाळं कुठी टाकता ते सांगता का कोनाले?"

भाऊंचा चेहरा एकदम बदलला. "ते काऊन सांगाव?"

"मंग हेबी तसंच समजा."

"असं पहिलेच सांगाव ना वो!"

त्यानंतर त्यांचा पासवर्ड यमालाही कळला नसता. लिहायची वेळ आली की मलाच म्हणायचे, "बाई, तिकडे तोंड कर."

अनोळखी माणसांचं मात्र काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. एकदा एका नटलेल्या बाईचा फोटो लावलेल्या खात्यावरून काहीतरी लाडिक निरोप आला. भाऊंनी तिला पाणी विचारलं. मग कोणत्या गावच्या, कोणाच्या, जेवल्या का, वडील काय करते, गावात तलाव हाय का, असं सगळं विचारलं. पलीकडचं माणूस कायमचं गप्प झालं. "लाजली असन," भाऊ म्हणाले. मी पोट धरून हसले आणि त्या खात्याला ब्लॉक कसं करायचं ते दाखवलं. भाऊंनी बटण दाबलं खरं, पण पाहुणीच्या तोंडावर फाटक लावल्याची रुखरुख त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर होती.

आणि मुलगी सापडली. नावावरून शोधता शोधता, मांडीवर बाळ घेतलेल्या फोटोवरून. भाऊ त्या फोटोकडे पाहतच राहिले. काय लिहायचं ते त्यांना सुचेना, म्हणून नेहमीचंच लिहिलं. या. बसा. पानी घ्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बाबा, तुमी जेवले का?"

मग रोज दुपारी जेवण झालं की भाऊ कॉम्प्युटरपुढे बसायचे. तलावात पाणी किती, धानाचा रोवणा झाला का, बाळाला दात आले का, असलंच लिहिणं. ती कुठे राहते हे त्यांनी विचारलं नाही, फोन नंबर मागितला नाही. मी म्हटलं, "मागा की." तर म्हणाले, "तिनं देल्ला तं घेईन. आपून मांगाव नाई." ती घर सोडून गेली त्या दिवसाबद्दलही दोघं कधी बोलली नाहीत.

त्यांच्या खात्यावर मित्रांची नावं कोणालाही दिसत होती. तिथूनच कोणीतरी मुलीचं नाव उचललं असावं. एक दिवस चॅटवर माणूस आला. म्हणाला, मी तुमच्या मुलीचा दीर. भाऊंनी त्याला पाणी विचारलं. तो म्हणाला, वहिनीचं खातं बंद पडलंय, तुमच्या फोनवर एक आकडा येईल तो मला सांगा, म्हणजे तिला पुन्हा तुमच्याशी बोलता येईल. बटणांच्या फोनवर आकडा आला. भाऊंनी तो चष्मा लावून वाचला आणि नीट टाईप करून दिला.

सकाळी ते पंचायतीत आले. पायात चप्पल नव्हती. "बाई, मले माह्याच घरातून बाहेर काढलं."

त्या माणसाने पासवर्ड बदलून त्यांचं खातं बळकावलं होतं. मी फार बोलले त्यांना. तो आकडा देवालाही द्यायचा नाही, हे मी किती वेळा सांगितलं होतं! भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेकीच्या घरचं मानूस दारात आलं, त्याले नाई कसा म्हनू?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

गावातल्या लोकांनाही भाऊंच्या नावाने निरोप आले होते. 'कृपया तातडीने मदत करा.' ते वाचून लोक हसले. भाऊ आणि कृपया! गावाची फसगत झाली नाही. पण मुलीचं काय? तिला तो काय काय लिहीत असेल, याचाच भाऊंना घोर लागला. "ती समजन मीच लिवून राह्यलो. मंग गेली ना ती परत."

मी जुन्या खात्याची तक्रार केली, सगळ्यांना त्याला उत्तर देऊ नका म्हणून सांगितलं आणि भाऊंचं नवं खातं काढलं. मित्रांची नावं लपवली. दुहेरी कुलूप लावलं, म्हणजे नुसता आकडा मिळून कोणाला आत येता येऊ नये. मग त्यांनी मुलीला लिहिलं. या. बसा. पानी घ्या.

बरेच दिवस काहीच आलं नाही. भाऊ तलावावर जाईनासे झाले. दुपारी कॉम्प्युटरपुढे खुर्चीत बसायचे आणि उठायचे. मग एकदा उत्तर आलं. त्या वेळी मी तिथेच होते.

"हे तं तोबी लिवत होता."

चोराने जुनं सगळं वाचून काढलं होतं. भाऊंचं पाणीसुद्धा त्याने उचललं होतं. मी त्याला शिव्या घातल्या. भाऊ मात्र पडद्याकडे बोट करून म्हणाले, "पोरगी हुशार हाय. बरोबर करून राह्यली ती. असं उघडाव नाई फाटक."

खाली तिने आणखी लिहिलं, "जे इथी कधीच लिवलं नाई असं सांगा. मी घरून निघाली त्या दिवशी तुमी मले काय म्हटलं?"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवरच होते. मला वाटलं, काहीतरी वाईट बोलले असतील, आता ते लिहायला जीव धजत नसेल. मी उठायला लागले, तर म्हणाले, "बस." या वेळी त्यांनी मला तोंडही फिरवायला सांगितलं नाही. एका बोटाने लिहायला लागले.

"काई नाई म्हटलं. मी जाळं शिवत बसलो होतो. तू पाया पडली. मी वर पाह्यलं नाई."

पलीकडे ती काही लिहायला लागायची, थांबायची, पुन्हा लागायची. शेवटी आलं, "बाबा." आणि मग, "मले वाटे तुमाले मालूमच नाई मी पाया पडली ते."

"मालूम होतं," भाऊंनी लिहिलं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मला रडू येत होतं आणि चोराचा रागही येत होता. ही दोन माणसं इतके दिवस दात आणि रोवण्याबद्दल लिहीत बसली होती. त्या दिवशी तिने फोन नंबर दिला, आणि भाऊंनी तो मलाही दाखवला नाही.

भाऊ आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. त्यांच्या अंगणात आता दुसऱ्या कोणाची जाळी वाळतात. ते गेल्यापासून मला पुष्कळदा आठवतो तो त्यांचा खुर्चीतला पोक नाही, तर ते गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोंडपिपरीच्या स्टँडवरची दुपार.

मुलगी, जावई, बाळ असे सगळे आले होते आणि आता परत निघाले होते. मीही सोबत गेले होते. एसटी लागली. जावई पिशव्या घेऊन चढला. मुलगी भाऊंच्या पाया पडली, बाळालाही त्यांच्या पाया पाडलं आणि खिडकीपाशी जाऊन बसली. गाडी सुरू झाली. भाऊ खिडकीखाली उभे होते. ती घरी होती त्या दोन दिवसांत ते फार काही बोलले नव्हते. जेव, झोप, बाळाले सांभाळ, एवढंच.

एकाएकी त्यांनी खिडकीचा गज धरला. "नको जाऊ, वो माय," ते म्हणाले.

जायचं तर तिला होतंच. तिचं घर तिकडे होतं आणि हे त्यांनाही माहीत होतं. ती रडत रडत हसली आणि खिडकीतून वाकून म्हणाली, "आनखी एकदा म्हना, बाबा."

इंजिनाचा आवाज मोठा होता. भाऊ त्याच्याहून मोठ्याने ओरडले. स्टँडवरची सगळी माणसं वळून पाहायला लागली, आणि भाऊंनी ते पुन्हा म्हटलं.