बांधावरचा डबा

माझ्या पायाला भिंगरी आहे, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. लग्नाच्या पंगतीत भात येईपर्यंत मी दोनदा उठून मांडवाला चक्कर मारून येतो. त्यामुळे निवृत्तीनंतर मी पक्षीनिरीक्षण करणार असं जाहीर केलं, तेव्हा बायकोला हसता हसता उचकी लागली.

"तू? एका जागी बसणार? अरे, पक्षी कंटाळून तुझंच निरीक्षण करतील!"

पण दुर्बीण घेऊन झाली होती, आता माघार कशी घेणार? आमच्या सोसायटीतली चार-पाच रिकामटेकडी डोकी रविवारी बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडायची आणि गोराईच्या मागच्या खाजणात, खाडीकाठच्या खारजमिनीत, पक्षी बघायला जायची; मीही त्यांच्यात घुसलो. तिथे एका मावशींची शेती आहे. पावसाळ्यात भात, आणि ते कापलं की वरच्या वाफ्यांत वाल. खालचा तुकडा अगदी खाडीला चिकटलेला. बाहेरच्या बांधात एक लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. तिच्या फळ्या काढल्या की भरतीचं पाणी आत येतं आणि हिवाळाभर तिथे घोटाभर तळं होतं. लांब तांबड्या पायांचे शेकाटे, तुरुतुरु पळणारे तुतवार, बगळे, सगळी जत्रा तिथेच भरते.

शेजारचा असाच तुकडा डेब्रिज टाकून भरला गेला होता. तिथे आता लग्नाचं लॉन आहे. लॉनवाल्याचा डोळा मावशींच्या तुकड्यावरही होता, आणि मावशींच्या मुलाचा डोळा लॉनवाल्यावर.

मावशींचा जीव मात्र वालात होता. "खाली पाणी घेतलं की मधल्या बांधावर पहारा ठेवायला लागतो," त्या म्हणाल्या. "खेकडे बिळं पाडतात. खारं पाणी वर शिरलं की वालाची वाट लागली. माझे गुडघे गेले, मुलाला वेळ नाय. कोण बघणार?"

"आम्ही बघू!" मी म्हणालो. आजवर माझ्या तोंडून जी वाक्यं विचाराच्या आधी बाहेर पडली आहेत, त्यांतलं हे एक.

झाली भागीदारी. मावशी खालचा तुकडा ओला ठेवणार, आम्ही उधाणाच्या भरतीला पाळीपाळीने मधल्या बांधावर फिरायचं आणि गळती दिसली की चिखलाचा गोळा घालून पायाने दाबायचा. उघाडीपाशी नारळ फोडला. मुलाने मात्र सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा वाल गेला, तर तो तुकडा मी लॉनला देणार. मग आई, तू मध्ये बोलायचं नाय."

मावशींनी मान हलवली फक्त.

आमचीही एक अट होती, आणि ती अर्थातच माझी. बांधाच्या खांबाला तेलाचा एक जुना डबा टांगलेला होता. भात पिकलं की पाखरं हाकलायला तो बडवायचा. "मावशी, आधी हा डबा काढा," मी म्हणालो. "पक्ष्यांना किती त्रास होतो!"

मावशींनी डबा काढून माझ्या हातात दिला. "जा घेऊन घरी. बायकोला झोपेतून उठवायला बरा."

सुरुवातीच्या पाळ्यांत मी एवढा फिरायचो, की बांध खेकड्यांनी नाही, माझ्याच येरझाऱ्यांनी खचेल असं मावशींची सून म्हणायची. पक्षी माझ्यापासून कायम शंभर हात लांब. ग्रुपवर बाकीच्यांचे फोटो यायचे: शेकाट्याचा डोळा, तुतवाराची चोच. माझ्या फोटोंत फक्त शेपट्या, त्याही हललेल्या. "काका, यातला पक्षी कुठला?" असं कुणीतरी विचारलं, आणि मी ठरवलं, आज बसायचं. देवाशप्पथ बसायचं.

बसलो. बांधावर, दुपारच्या उन्हात, दगडासारखा. बूड दुखतंय, पायाला मुंग्या आल्यात, मान खाजतेय, पण बसलो. आणि चमत्कार! शेकाटे जवळ यायला लागले. एक, मग दुसरा, मग तुतवारांची टोळी. सगळे माझ्यापासून काही हातांवर बांधाच्या एका जागेशी जमले आणि टपाटप चोची मारायला लागले. का, ते मला दिसत होतं. बिळातून पाणी वाहत होतं आणि पाण्याबरोबर बारीक जवळा.

म्हणजे गळती होती.

उठायचं, चिखल घ्यायचा, दाबायचं. एवढंच काम. त्यासाठीच तर मला तिथे ठेवलं होतं. पण उठलो की सगळे उडणार. मी मनाशी म्हणालो, एक फोटो. मग म्हणालो, हा जरा हलला, अजून एक. तेवढ्यात दोन शेकाटे बांध ओलांडून वालाच्या वाफ्यात उतरले, आणि मला चक्क भरून आलं. वाटलं, बघा, आपली भागीदारी कशी वाढतेय! फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आता पक्षी शेतातही!'

ग्रुपवर मावशींची सूनही होती. बाकीच्यांनी पक्षी पाहिले. तिने पाणी पाहिलं.

ती घमेलं घेऊन पळत आली. मागून मावशी, गुडघ्यांना शिव्या घालत. "अरे ए, झोपलास का?"

"नाही मावशी, बसलो होतो."

"आयुष्यात कधी बसला नाय, आजच बसायचं सुचलं?"

सुनेने बीळ बुजवलं. पाखरं केव्हाच उडाली होती. ओहोटी लागल्यावर मावशींनी उघाडी मोकळी केली आणि खालचं तळं पार रिकामं करून टाकलं. मग विहिरीचं गोडं पाणी वालाला. मी घागरी वाहिल्या. धडपडलो, एक घागर माझ्याच अंगावर सांडली. कुणी हसलं नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

पुढचे दिवस मी घरात नुसता फिरत होतो. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. फोन करायची हिंमत नव्हती. होडीने पलीकडे जायचो, लांबूनच वाफ्यांकडे बघायचो आणि परत यायचो. पानांच्या कडा करपलेल्या दिसायच्या. प्रत्येक वेळी जरा जास्त करपल्यासारख्या, किंवा माझ्या दुर्बिणीलाच तसं वाटत असावं.

"जा आणि विचार ना एकदा," बायको म्हणाली. "फरशी झिजली."

गेलो. मावशी वाफ्यात वाकून बसल्या होत्या. बांधालगतच्या ओळी गेल्या होत्या, काड्या झाल्या होत्या त्यांच्या. वरच्या ओळींना मात्र फुलं धरली होती. मुलगा बांधावर उभा होता.

"अर्धा गेलाय, आई."

"अर्धा राहिलाय," मावशी म्हणाल्या. "गेला तर देणार, असं बोलला होतास. गेला नाय." मग माझ्याकडे न बघता, "आणि तू. डबा कुठाय माझा?"

"घरी आहे."

"घेऊन ये. पाणी गळताना दिसलं की उठायचं आणि बडवायचा, म्हणजे आम्हाला कळेल. पाखरं उडूदेत."

पुढच्या उधाणाला उघाडीच्या फळ्या निघाल्या, पाणी आत आलं. पक्षीप्रेमी मंडळींच्या देखत मी तेलाचा डबा गळ्यात अडकवून बांधावर येरझाऱ्या घालत होतो. मधेच एका बिळातून पाणी झिरपताना दिसलं. मी डब्यावर काठी हाणली. सगळे शेकाटे ओरडत उठले, खाडीवर एक गिरकी घेतली आणि तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उतरले. ग्रुपवर त्या दिवशी एकाचाही फोटो नीट आला नाही.

सून घमेलं घेऊन आली तेव्हा मी चिखलात गुडघाभर रुतलो होतो, आणि डबा अजून वाजवतच होतो.

"काका, बस आता," ती म्हणाली.

म्हटलं, बसणार नाही.