टिकटिकी ऐकणाऱ्या मावशी

अंगठ्याच्या नखावर दुसरं नख मारून मावशी आवाज काढायच्या. टिक. जरा थांबून पुन्हा टिक. "आशी बोलती ती. आता आली का आयकू?"

मला कधीच ऐकू आली नाही. किडे खाणाऱ्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, अंधारात हाका मारत उडतात आणि परत आलेल्या आवाजावरून भक्ष्य हेरतात. पण त्या हाका इतक्या वरच्या पट्टीतल्या, इतक्या बारीक, की आपल्या कानाला लागतच नाहीत. म्हणून माझ्याकडे मशीन होतं. ते हाकेची रेघ पडद्यावर काढायचं आणि रेघेवरून मी जात ओळखायचो. विळ्यासारखी वाकलेली असली की घराच्या वळचणीतली छोटी पाकोळी, दोन्ही टोकं मुडपलेली आडवी असली की घोड्याच्या नालासारख्या नाकाची नालनाकी. एकच जात जरा खालच्या पट्टीत बोलते. तिची रेघ आखूड, सपाट. ती क्वचित कुणाला नुसत्या कानाने ऐकू येते. माले गावच्या या मावशींना यायची. टिकटिकी हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

मी माण गावात नोकरी करायचो आणि रविवारी संध्याकाळी मशीन घेऊन त्यांच्याकडे जायचो. त्यांच्या भातखाचरामागे कडा आहे, त्याच्या भेगांत टिकटिक्या राहतात. दिवस मावळला की मावशी हातातलं काम टाकून बांधावर येत आणि बोट वर करून उभ्या राहत. "आली बघ. तुजा डबा झोपलाय व्हय रं पोरा?" आणि खरंच, मागाहून पडद्यावर रेघ उमटायची. काय तो तोरा! तुम्ही तिथे असतात, तर कडा सोडून त्यांच्याकडेच बघत बसला असतात.

पुढे त्यांच्या मुलाने कड्याखालची जमीन विकायला काढली. मावशी अडून बसल्या. "तितं दिवं लागलं की त्या न्हाई राहायच्या." शेवटी मुलाच्या हट्टापायी त्यांनी सही केली. बांधकाम काही झालं नाही, नुसतं तारेचं कुंपण पडलं.

त्यानंतरच्या एका रविवारी मावशी बांधावर बराच वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आज आल्या न्हाईत का रं?"

पडद्यावर सपाट रेघांची रांग लागली होती. पाकोळ्या होत्या, मावशींचे कान गेले होते. वय झालं की बारीक आवाज आधी सुटतात. हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना. मी पडदा पोटाशी धरला आणि म्हणालो, "नाही मावशी. आज नाही."

मग दर रविवारी तेच खोटं बोलावं लागलं. हळूहळू मावशी बांधावर येईनाशा झाल्या. मी त्यांचं मन राखलं, असं मला वाटायचं. मूर्ख होतो.

यंदा मावशी वारल्या. दहाव्याला गेलो, तर मुलाने मला बाजूला घेतलं. "तीन वर्सं आई माज्याशी धड बोलली न्हाई. तू जमीन इकलीस म्हणून पाकोळ्या गेल्या, येवढंच म्हणायची. तुमी तर मशीन लावून बगत व्हता. खरंच गेल्या व्हत्या का ओ?"

मी चपला शोधायला लागलो.

पहिल्यांदा खोटं बोललो त्या संध्याकाळची, मशीनने टिपलेली फाईल माझ्याकडे आहे. टिकटिक्या नीट ऐकायच्या तर ती दहापट संथ लावावी लागते. मग मावशींचा प्रश्न विहिरीच्या तळातून आल्यासारखा लांबत जातो, त्याच्यामागून माझं 'नाही', आणि दोन्हींवर पाकोळ्यांच्या हाका, एकामागून एक.

हे तुम्हाला सांगतोय. त्याला अजून सांगितलेलं नाही.