पॉझिटिव्ह बाईचे पेढे

त्या काळात आमच्या राहुरीकडे पॉझिटिव्ह हा शब्द एकाच रोगासाठी होता, आणि तो रोग चारचौघांत कुणी उच्चारत नसे. त्यामुळे माझ्या छातीतल्या गाठीचा पुण्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा सासूबाईंनी माझी कपबशी वेगळी ठेवली. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर भिंगारची एक बाई होती, ऑपरेशन होऊन माझ्याबरोबरच घरी गेलेली. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह. तिच्याकडे पेढे वाटले.

मला रोज एक गोळी दिली होती, तिला सलाईनमधून इंजेक्शनं सांगितली होती. माझा दीर म्हणाला, "वैनी, गोळीवर बोळवण केली तुमची. हात टेकले त्यांनी." माझं डोकंच फिरलं. मरायचंच असेल तर कारण तरी कळू दे, म्हणून एसटीनं पुणं गाठलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर रिपोर्ट आपटला.

ते हसले. मला आणखीच राग आला. मग त्यांनी नीट सांगितलं. माझी गाठ अंगातल्याच एका रसावर पोसते, पॉझिटिव्ह म्हणजे एवढंच. गोळी त्या रसाची वाट अडवते. जिचा निगेटिव्ह, तिला या गोळीचा काही उपयोग नाही, तिला इंजेक्शनंच हवीत.

"म्हंजी आदी माती तपासायची, मंग खत ठरवायचं," मी म्हटलं. कृषी विद्यापीठामुळे आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "आन् ती भिंगारची? येती का?"

"नाही. रिपोर्टात काही निघालं नाही, असा निरोप आलाय."

परतीच्या गाडीतून मी नगरलाच उतरले आणि रिक्षानं थेट भिंगारला गेले. ती ओट्यावर निवांत गहू निवडत बसली होती.

"निगेटिव्ह हाय माझा," ती म्हणाली. "आता कशाला सुया टोचून घ्यू?"

"अगं, क्यान्सर न्हाई असं कुटं लिवलंय त्यात? गोळी लागू पडनार न्हाई, एवढंच लिवलंय. तुझी गाठ येगळी, माझी येगळी. सुया टाळशील तर जिवानिशी जाशील."

ती सूप बाजूला सारून आत गेली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आली. तळाशी दोन उरले होते.

"आन् ह्ये गं? साऱ्या गल्लीत वाटले मी."

"आन इकडं. आनंदाची बातमी माझी हुती."

तिला हसू आलं आणि रडूही. मी ते दोन्ही पेढे खाईपर्यंत तिनं पुण्याला जायची पिशवी भरली होती.