माझ्या आईच्या विड्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

भवानी पेठेजवळच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवते. नववीच्या मुली निबंध गाइडमधून उतरवून आणायच्या. वाटलं, आधी आपण लिहून दाखवावं. म्हणून माझ्या आईवर लिहिलं. आई बँकेत नोकरीला होती, रविवारी भरतकाम करायची — जे खरं तेच. वाचत होते आणि मुली जांभया देत होत्या. आपण मनापासून लिहिलेलं वाचताना समोर कुणी जांभई दिली तर कसं वाटतं, कधी अनुभवलंय?

पुढच्या आठवड्यात दुसरा लेख नेला. त्यात माझी आई विड्या वळत होती; आधीच्या लेखातली बँक कुणाच्या लक्षातही नव्हती. मांडीवर सूप, बोटांना तंबाखूचा वास, त्याच बोटांनी मला भरवलेला घास... या वेळी कुणी जांभई दिली नाही. एक-दोघी रडल्यासुद्धा. "मॅडम, खरंच?" कुणीतरी विचारलं. आणि मी — मान डोलावली.

वर्गात श्रीलता होती. तेलुगू घरातली, फारशी न बोलणारी. दुसऱ्या दिवशी ती आपणहून उभी राहिली आणि स्वतःचं वाचू लागली. "अम्मा विड्या वळते. शाळेतून गेल्यावर मीही वळते. केसांना वास येतो, म्हणून मी तुमच्या फार जवळ बसत नाही." इतकं सरळ, इतकं चांगलं, की मला माझ्या लेखाची लाज — नाही, आता तरी खोटं कशाला? मला अभिमान वाटला. मी शिकवलं म्हणून ती लिहिती झाली, असं वाटलं.

मग तिच्या शेजारची मुलगी दुसऱ्या बाकावर गेली. श्रीलता जवळून गेली की मुली नाकाला रुमाल लावायच्या. मला हे दिसत होतं. एकदा ती स्टाफरूमच्या दाराशी आली. "मॅडम, तुमच्या आईंचं परत एकदा सांगा की वर्गात. मग हसणार नाहीत त्या."

मी म्हटलं, बघू. पुन्हा खोटं बोलायची भीती वाटत होती. खरं बोलायची त्याहून जास्त.

दिवाळीच्या सुट्टीत ती अम्माला घेऊन माझ्या घरी आली. विड्या वळून लेकीला शिक्षिका करणारी बाई अम्माला एकदा बघायची होती. माझी आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती; दार तिनंच उघडलं. मी स्वयंपाकघरात होते. अम्मा मोडक्या मराठीत विचारत होती, "तुम्ही पण विडी करत होते ना, आमच्यासारखं?"

"विड्या? छे हो!" आई हसली. "मी बँकेत होते." मग तिनं मला हाक मारली.

मी ओ दिली नाही. ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर श्रीलता तेलुगूत हळू आवाजात काहीतरी बोलली — काय सांगितलं असेल तिनं अम्माला? थोड्या वेळानं आई आत आली. "कुणाचं तरी घर शोधत होत्या. पोरगी म्हणाली, चुकलं आमचं."

शाळा सुरू झाल्यावर तिनं वर्गात कुणाला काही सांगितलं नाही. मला वाचवलं. पण आपलं असं तिनं पुन्हा काही लिहिलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. दहावी होऊन ती गेली.

त्यानंतरच्या नववीला मी तोच विड्यांचा लेख वाचून दाखवला. त्या मुलींनीही विचारलं, खरंच का?

मी हो म्हणाले.