ऑर्फियसने मागे का पाहिले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापुढे तर माझ्या पोटात काही टिकत नाही.

आमच्या गडचिरोलीकडे धान कापून झाले की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, नाटके होतात. तालमी नावालाच. सगळा भार प्रॉम्प्टरवर — तो विंगेतून कुजबुजेल तेच नट बोलणार, तेच करणार. त्या वर्षी प्रॉम्प्टर मी होतो.

नाटक चक्क ग्रीसचे, आमच्या मास्तरांनी लिहिलेले. नायकाचे नाव वहीत ऑर्फियस, पोस्टरवर ऑर्फ्युस, आणि माइकवर पुकारेपर्यंत त्याचा अरफेसराव झाला होता. कुणाचे काही अडले नाही. गोष्ट सगळ्यांना कळत होती: बायको मेली, हा गात गात यमाच्या दारी गेला, यमाने ती परत दिली, अट एकच, उजेडात पोहोचेपर्यंत मागे पाहायचे नाही.

ते काम मला हवे होते. मिळाले नामदेवला, माझ्या जिवलग दोस्ताला. आवाज त्याचा चांगला. माझ्यापेक्षा चांगला — बघा, एवढे म्हणायलासुद्धा किती वर्षे गेली.

परतीच्या वाटेवर त्याचे मोठे गाणे होते; मागे पाहायचे ते गाणे संपल्यावर. लोक त्यासाठीच बसलेले. त्याने श्वास घेतला आणि — कसे सांगू? — मी कुजबुजलो, "मागं पाय."

त्याने मागे पाहिले. प्रॉम्प्टरवर कोण शंका घेतो? बायको गडप, पडदा खाली, गाणे राहिलेच. लोकांनी शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. वहीचे पान चुकून उलटले होते का? नाही. पान बरोबर होते. मी जळत होतो.

नामदेव घामाघूम विंगेत आला. "तूच बोलला ना गा, मागं पाय म्हणून?"

"मी तं काईच नाई बोललो."

त्याने तोंडावरचा घाम पुसला. "मंग मीच घाई केलो," म्हणाला.

मंडळाने त्याला काढले. पुढच्या मंडईला ऑर्फियस मी. नामदेव आला, माझा मुकुट सरळ केला आणि म्हणाला, "मागं नको पाहू. गाणं पुरं म्हण." मी पुरे म्हटले. टाळ्याही घेतल्या.

तो पुन्हा रंगमंचावर चढला नाही. आता गावच्या तलावात मासे धरतो. चहाच्या टपरीवर अजूनही हाच किस्सा रंगवून सांगतो, "माह्या घाईपायी बायको गेली गा!" सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्याने मी हसतो.